परवडणारे वाहन : खिशाला आणि शरीरालाही

पुण्यात 'गाडी' म्हटले की दुचाकी समजायची. चारचाकी असेल तर लोक मुद्दाम 'फोर व्हीलर' म्हणतात आणि सायकलला सायकलच म्हणतात. या वाहनांविषयीचे प्रश्न दवाखान्यातही येतात, हे वाचून काही वाचकांना नवल वाटेल. "डॉक्टर, सायकलने गुडघे झिजतात म्हणे, आता गाडी घेऊन टाकू का?" "गाडीने कंबर धरते, जुनी छोटी फोर व्हीलर बरी पडेल का?" "साखर वाढली म्हणता, मग ऑफिसला सायकलने जाऊ का?" आठवड्यातून एखादा तरी असा प्रश्न समोर येतोच. मी काही मोटारींचा जाणकार नाही. पण वाहन बदलले की माणसाचे शरीर कसे बदलते, हे व्यवसायाच्या इतक्या वर्षांत पुष्कळ पाहिले आहे. म्हणून या आठवड्यात औषधांऐवजी वाहनांविषयी लिहितो.

सायकलीपासून नॅनोपर्यंत

एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. खडकीच्या कारखान्यांची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जात असे. पेठांतून तासाच्या भाड्याने सायकली मिळत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आम्ही विद्यार्थी होतो तेव्हाही कॉलेजच्या आवारात सायकलींच्या रांगाच रांगा असत.

मग हळूहळू यंत्र आले. १९७२ मध्ये कायनेटिकची लूना आली आणि त्याच वर्षी बजाजची चेतक. दोन्ही कंपन्या पुण्याच्या परिचयातल्या. चेतकसाठी तर नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि नोकरदार माणूस चार चाकांची स्वप्ने पाहू लागला. जानेवारी २००८ मध्ये टाटांनी दिल्लीच्या प्रदर्शनात नॅनो दाखवली. भर पावसात एका स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून ही कल्पना सुचल्याचे रतन टाटांनी सांगितले होते. नॅनोचे उत्पादन २०१८ च्या सुमारास थांबले. चेतक हे नाव २०२० मध्ये आणि लूना हे नाव २०२४ मध्ये विजेच्या वाहनांवर परत आले आहे.

या वाहनांनी सामान्य माणसाचे जग मोठे केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. लूनामुळे कितीतरी स्त्रिया कोणावर अवलंबून न राहता स्वतःच्या वेळेने नोकरीला जाऊ लागल्या. तेव्हा वाहन वाईट असे मी म्हणणार नाही. पण प्रत्येक पायरीवर शरीराचे थोडे काम कमी झाले आणि ते कमी झालेले काम बहुतेकांनी दुसरीकडे कुठेच भरून काढले नाही. त्याची किंमत शोरूममधल्या कागदावर लिहिलेली नसते. ती काही वर्षांनी आमच्या केसपेपरवर दिसते.

हप्ता चुकत नाही, गोळी चुकते

आधी खिशाचा हिशेब करू. घरापासून काम दहा किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन वीस किलोमीटर धरा. स्कूटर शहरात लिटरला ४५-५० किलोमीटर जाते. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर आहे. म्हणजे रोजचे चाळीस-पंचेचाळीस आणि महिन्याचे हजार-अकराशे रुपये केवळ पेट्रोलला. छोटी चारचाकी शहरातल्या गर्दीत लिटरला १४-१५ किलोमीटर दिली तर हाच खर्च साडेतीन हजारांच्या घरात जातो. त्यावर विमा, टायर, सर्व्हिसिंग आणि हप्ता. सायकलला मात्र अधूनमधून पंक्चर, ब्रेकचे रबर आणि चेनला तेल, एवढ्यात भागते.

आता हा खर्च तब्येतीशी कसा जोडलेला आहे ते पाहा. माझे एक रुग्ण छापखान्यात काम करतात. वय ४८. रक्तदाबाचा विकार, पण रोजची सायकल आणि एक गोळी यांवर दाब १३०/८० च्या आसपास राहत असे. मुलाच्या आग्रहाने घरात हप्त्यावर मोटारसायकल आली आणि सायकल जिन्याखाली गेली. आठ महिन्यांनी डोके दुखते म्हणून आले तेव्हा दाब १७०/१०४ आणि वजन सहा किलोंनी वाढलेले. गोळी विचारली तर म्हणाले, "हप्ता असतो ना डॉक्टर, म्हणून म्हटलं एक दिवसाआड घेऊ. मग राहूनच गेली." म्हणजे सायकलही गेली आणि गोळीही गेली.

असे हे एकटे नाहीत. बँकेचा हप्ता चुकला तर घरी फोन येतो. गोळी चुकली तर कोणाचा फोन येत नाही. रक्तदाब दुखत नाही, साखर दुखत नाही. फोन येतो तो एकदमच, पक्षाघाताचा किंवा हृदयविकाराच्या झटक्याचा. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की वाहनासाठी कर्ज काढताना महिन्याच्या खर्चाच्या यादीत घरातल्या सर्वांची औषधे सर्वांत वर लिहा आणि उरलेल्या रकमेत हप्ता बसतो का ते पाहा. बसत नसेल तर स्वस्तातले किंवा वापरलेले वाहन घ्या, नाहीतर वर्षभर थांबा. औषधांचा खर्च जड होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तीच औषधे जेनेरिक स्वरूपात पुष्कळ कमी किमतीत मिळू शकतात. संकोचाने गोळी बंद करू नका.

बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर

शरीराच्या हालचालीचे महत्त्व सांगणारा एक जुना अभ्यास वाहनांशीच संबंधित आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी डबल डेकर बसवरच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. बस तीच, शहर तेच. ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करत. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले आणि ज्यांना तो झाला त्यांच्यातही तो तुलनेने सौम्य होता. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध जगापुढे मांडणारे हे आरंभीचे मोठे काम.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा. आता कोथरूड डेपोजवळ राहणाऱ्या आणि डेक्कनला नोकरी करणाऱ्या माणसाचा विचार करा. अंतर पाचएक किलोमीटर. सावकाश सायकलीने वीस-पंचवीस मिनिटे. जाऊन-येऊन पाऊण तास, आठवड्याचे पाच दिवस. सव्वादोनशे मिनिटे झाली. त्यासाठी जिमची फी नाही आणि पहाटेचा गजर नाही. गर्दीच्या वेळी तेच अंतर चारचाकीने कापायलाही फारसा कमी वेळ लागत नाही.

वजन कमी करण्याविषयी मात्र भाबड्या अपेक्षा नकोत. ७० किलो वजनाच्या माणसाच्या पाऊण तासाच्या सायकलीत साधारण २५० ते ३०० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात जवळपास तेवढ्याच असतात. म्हणजे परतताना वडापाव खाल्ला तर हिशेब बरोबर सुटतो, शिल्लक काही राहत नाही. पण वजन घटले नाही तरी हृदयाची आणि फुप्फुसांची क्षमता वाढते, रक्तदाब थोडा उतरतो आणि झोप सुधारते. हा लाभ काट्यावर दिसत नाही एवढेच.

मधुमेह्यांसाठी तर सायकल फार उपयोगी. मांडीचे स्नायू हे शरीरातले मोठे स्नायू. ते काम करू लागले की रक्तातली साखर ओढून घेतात आणि व्यायामानंतर काही तास इन्सुलिनचा परिणामही अधिक चांगला होतो. मात्र जे रुग्ण इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी उपाशीपोटी लांब सायकल मारू नये. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची बिस्किटे ठेवावीत. घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताबडतोब थांबून साखर तोंडात टाकावी. पायाची संवेदना कमी झाली असेल तर चप्पल घालून सायकल नको, बूट हवेत आणि रोज रात्री तळपाय पाहावेत.

सायकल कोणी आणि कशी चालवावी

हृदयविकार असलेल्यांनी, चालताना छातीत दडपण येणाऱ्यांनी आणि चाळिशीनंतर प्रथमच किंवा बऱ्याच वर्षांनी सायकल हाती घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. सुरुवात एक-दोन किलोमीटरच्या सपाट रस्त्याने करावी. श्रम किती घ्यावेत याची सोपी खूण अशी, की सायकल चालवताना बोलता आले पाहिजे. गाणे म्हणता आले नाही तरी चालेल. स्वारगेटकडून कात्रजला किंवा पौड रस्त्याने चांदणी चौकाला जाताना चढ लागतो. तिथे उतरून सायकल हातात धरून चालण्यात काही कमीपणा नाही. चढावर छाती, जबडा किंवा डावा हात भरून आला तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी तपासणी करा.

आता गुडघ्यांविषयी. सायकल चालवताना शरीराचा बराचसा भार सीटवर असतो, गुडघ्यावर नसतो. त्यामुळे सायकलीने गुडघे झिजतात हा समज चुकीचा आहे. उलट मांडीचे स्नायू बळकट झाल्याने सुरुवातीच्या गुडघेदुखीत अनेकांना आराम वाटतो. तरीही सायकलीने गुडघा दुखला तर बहुतेक वेळा दोष सीटच्या उंचीचा असतो. सीटवर बसून पेडल सर्वांत खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक राहतो. ही योग्य उंची. आपल्याकडे पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून सीट खाली करून ठेवतात. त्याने गुडघा दर फेऱ्याला जास्त दुमडतो आणि वाटीभोवती दुखू लागते. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर सीट फार उंच असण्याची शक्यता असते.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या कडेची नस हँडलवर दाबली जात आहे असे समजावे. हाताची पकड बदलत राहावी, हँडल किंचित वर घ्यावे. बसण्याच्या जागी बधिरपणा येत असेल तर सीटचे टोक थोडे खाली झुकवावे. टायरमध्ये हवा कमी असेल तर उगाच जास्त ताकद लागते. आठवड्यातून एकदा हवा तपासणे हे मला तरी टॉनिकपेक्षा गुणकारी वाटते.

मुलांची एक विशिष्ट दुखापत पालकांना सांगून ठेवतो. मागे कॅरियरवर बसलेल्या लहान मुलाचा पाय चाकाच्या तारांत जातो आणि टाचेची कातडी सोलवटून निघते. बाहेरून जखम लहान वाटली तरी आतले मांस चिरडलेले असते आणि ती भरायला काही आठवडे लागतात. हळद दाबून घरी बसू नका, दाखवून घ्या. मागच्या चाकाला जाळी आणि मुलासाठी पाय ठेवायची जागा असल्याखेरीज त्याला मागे बसवू नका. तसेच ओढणी आणि साडीचा पदर. चाकात अडकलेल्या ओढणीने गळ्याला फास बसल्याच्या घटना घडतात. निघण्यापूर्वी ओढणी अंगाभोवती घट्ट बांधून घ्यावी. हे मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यांनाही लागू आहे.

अंधारातली सायकल

सायकलीचे हे सारे गुणगान वाचताना एक गोष्ट विसरता कामा नये. पुण्यात आज सायकल चालवणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एक हौसेने चालवणारे. त्यांच्या सायकलीला पुढे-मागे दिवे असतात आणि डोक्यावर हेल्मेट असते. दुसरे, दुसरा इलाज नाही म्हणून चालवणारे. रखवालदार, हॉटेलातले कामगार, बांधकामावरचे मजूर. हे पहाटे किंवा मध्यरात्री निघतात, अंगात गडद कपडे आणि सायकलीला दिवा नाही. व्यायामाचा लाभ त्यांना मिळतो, पण धोकाही सर्वांत जास्त त्यांच्याच वाट्याला येतो.

आमच्या भागातल्या एका इमारतीचा रखवालदार रात्रपाळीला येताना मागून आलेल्या टेम्पोने उडवला. जीव वाचला, मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, सहा महिने काम नाही, पगार नाही. मुलीचे कॉलेज त्या वर्षी थांबले. टेम्पोवाला म्हणाला, "दिसलाच नाही," आणि त्यात बरेचसे तथ्य असावे. सायकलीला मागे लाल परावर्तक नव्हता. त्याची किंमत शंभर रुपयांच्या आत असते.

हा स्तंभ वाचणाऱ्यांपैकी अनेकजण एखाद्या सोसायटीचे सभासद असतील. आपल्या फाटकावर रात्री बसणारा माणूस कामावर कशाने येतो, हे आज त्याला विचारा. सायकलने येत असेल तर सोसायटीच्या खर्चातून पुढचा दिवा, मागचा लाल परावर्तक आणि अंधारात चमकणारे पट्टे असलेले जाकीट त्याला द्या. वार्षिक सभेतल्या चहाच्या खर्चात हे होऊन जाईल.

दुचाकी : कंबर, मान आणि डोके

दुचाकीवर शरीर स्थिर असते आणि खड्ड्यांचे धक्के मात्र थेट मणक्यांना बसतात. ज्यांची कंबर दुखते त्यांनी टायरमधली हवा आणि शॉकॲब्सॉर्बर आधी तपासावेत. ताठ पण सैल बसावे, पाठीवर जड बॅग घेऊ नये आणि गतिरोधकावर वेग खरोखरच कमी करावा. गाडी मधल्या स्टँडवर लावताना कंबरेतून जोर न लावता पायाने स्टँड दाबून गाडी मागे घ्यावी. दुखणे पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा लघवीवरचा ताबा कमी वाटत असेल तर मलमावर विसंबू नये.

गरोदर स्त्रिया विचारतात, "गाडीवर बसू का?" गर्भधारणा निर्धोक असेल तर साध्या धक्क्यांनी गर्भपात होत नाही. खरा धोका पडण्याचा असतो आणि शेवटच्या महिन्यांत तोल बदलल्याने तो वाढतो. तेव्हा बस किंवा रिक्षा बरी. रक्तस्राव झाला असेल किंवा डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर गाडी नकोच.

आता हेल्मेट. त्याच्या सक्तीविरुद्ध आंदोलने करणारे आपले शहर आहे, त्यामुळे हा परिच्छेद काही वाचक वगळतील, त्यांनी कृपया वगळू नये. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये कोक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. हेल्मेटमुळे मोटारसायकल अपघातातल्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. एवढा परिणाम देणारे औषध माझ्या कपाटात फार थोडे आहे.

हेल्मेटने स्पाँडिलोसिस होतो, हा समज निराधार आहे. मानेच्या मणक्यांत वयपरत्वे जे बदल होतात ते हेल्मेट न घालणाऱ्यांतही होतात. मान आधीच दुखत असेल तर हलके हेल्मेट निवडावे. केस गळतात ते घामाने आणि अस्वच्छ अस्तराने. आत सुती रुमाल बांधावा, अस्तर धुवावे. हेल्मेट आयएसआय खुणेचे हवे, डोक्यावर घट्ट बसणारे हवे आणि त्याचा पट्टा लावलेला हवा. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. एका बाजूला पाय सोडून मागे बसणाऱ्या बायका गतिरोधकावर उसळून पडतात आणि डोके आपटते. म्हणून मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे. कायदाही तसाच आहे. चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर नेताना त्यांच्या मापाचे हेल्मेट आणि चालकाला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा हवा, असा नियम २०२३ पासून लागू झाला आहे.

डोक्याला मार लागल्यानंतर माणूस उठून बसला, बोलला, म्हणजे धोका टळला असे समजू नका. पुढच्या चोवीस तासांत उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट किंवा नाका-कानातून पाणी अथवा रक्त येणे, यांपैकी काहीही झाले तर तातडीने मोठ्या रुग्णालयात न्या. रस्त्यावर कोणी जखमी दिसले तर १०८ ला फोन करा. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याने २०१९ पासून संरक्षण दिले आहे.

छोटी चारचाकी

ऊन, पाऊस आणि धूळ यांपासून म्हातारी माणसे, लहान मुले आणि दम्याचे रुग्ण यांना छोटी चारचाकी चांगला आडोसा देते. रात्री-अपरात्री रुग्णालय गाठायला तिच्यासारखा आधार नाही. चौघांनी एका स्कूटरवर जाण्यापेक्षा ती नक्कीच बरी. पण चार चाके आली म्हणजे सुरक्षितता आपोआप आली असे नव्हे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारींच्या धडकेच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. नॅनोसह त्या पाचही मोटारींना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम बदलले. चालकासमोरची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशासाठीची २०२२ च्या सुरुवातीपर्यंत नव्या मोटारींना सक्तीची झाली. म्हणून जुनी गाडी घेताना रंग आणि म्युझिक सिस्टीमपेक्षा तिचे वर्ष, एअरबॅग आणि मागचे-पुढचे सीटबेल्ट पाहा. एअरबॅग असली तरी बेल्ट हवाच. बेल्ट न लावता फुगणारी पिशवी स्वतःच इजा करू शकते. लहान मूल पुढे मांडीवर घेऊन बसू नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून कधीही बसू नये. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चारचाकी घेणाऱ्यांना मी एक पथ्य सांगतो. गाडी कामाच्या ठिकाणापासून दहा मिनिटांच्या अंतरावर लावा आणि चालत जा. पुण्यात हे पथ्य पाळायला वेगळे कष्ट पडत नाहीत. पार्किंग त्याहून जवळ मिळतच नाही.

बस आणि मेट्रो

स्वस्त आणि आरोग्याला मानवणाऱ्या वाहनांत बसचा नंबर वरचा आहे, पण तिला कोणी वाहन समजत नाही. पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र होऊन २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली. मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोहोचली. बसने किंवा मेट्रोने जाणारा माणूस थांब्यापर्यंत चालतो, जिना चढतो, पुन्हा चालतो. दिवसाकाठी वीस-पंचवीस मिनिटे त्याच्या नकळत जमा होतात. हडपसर किंवा हिंजवडीसारख्या लांबच्या अंतराला हा मार्ग रोजच्या दुचाकीपेक्षा कंबरेला आणि डोक्याला कमी त्रासाचा. लांबच्या प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून अनेक स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीची जळजळ घेऊन येतात. पाणी तोडू नका. निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर लघवीला जाऊन या.

धुराचे काय?

"एवढ्या धुरात सायकल चालवून फुप्फुसे खराब नाही का होणार?" हा रास्त प्रश्न आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये याचा हिशेब मांडला. हवेतले सूक्ष्म कण दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम इतके असले, तरी रोज सुमारे दीड तासापर्यंत सायकल चालवण्याचा फायदा तोट्यापेक्षा जास्त राहतो. हे प्रमाण आपल्याकडच्या हवेच्या निर्देशांकात २०० च्या पुढे, म्हणजे 'खराब' गटात येते. तेव्हा रोजच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या सायकलीला धुराचे निमित्त चालणार नाही. मात्र दमा, सीओपीडी आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी अशा दिवशी सायकल टाळावी. दम्याच्या रुग्णांनी इनहेलर खिशात ठेवावा. इतरांनी मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांचा मार्ग शोधावा आणि सिग्नलला बसच्या मागे उभे राहू नये. तोंडाला बांधलेला स्कार्फ धूळ अडवतो, सूक्ष्म कण अडवत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धूर जमिनीलगत साचून राहतो, तेव्हा ऊन थोडे वर आल्यावर निघणे चांगले.

अंतर पाहून वाहन

एकच वाहन सर्व कामांना वापरण्याची आपल्याला सवय झाली आहे. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही आपण किक मारतो. त्याऐवजी अंतर पाहून वाहन निवडावे. एक किलोमीटरच्या आतले काम पायी. पाच-सहा किलोमीटरपर्यंत, प्रकृती आणि रस्ता साथ देत असेल तर, सायकल. त्यापुढे बस, मेट्रो किंवा हेल्मेट घालून दुचाकी. आजारी माणूस, लहान मूल, मुसळधार पाऊस किंवा रात्रीची वेळ असेल तर रिक्षा किंवा चारचाकी. घरात गाडी आहे म्हणून सायकल विकून टाकू नका. दोन्ही राहू द्या.

"रस्ता साथ देत असेल तर" हे शब्द मी जपून लिहिले आहेत. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींची नवी योजना आली आणि पुढे बंद पडली. सायकलसाठी आखलेल्या मार्गांवर बऱ्याच ठिकाणी गाड्या उभ्या दिसतात. नेदरलँड्समध्ये आज शाळकरी मुलेही सायकलने हिंडतात, पण तिथेही १९७१ साली रस्ते अपघातांत चारशेहून अधिक मुले मेली होती. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांचे मृत्यू थांबवा म्हणाले आणि मग वेगळे सायकलमार्ग झाले. आपल्या प्रभागातला सायकलमार्ग मोकळा ठेवण्याची मागणी करणे हे रोगप्रतिबंधक लस मागण्याइतकेच आरोग्याचे काम आहे. त्याआधी आपण स्वतः तिथे गाडी लावत नाही ना, एवढे पाहावे.

या रविवारी दोन कामे करा. जिन्याखालची सायकल बाहेर काढा, हवा भरा आणि टाच पेडलवर ठेवून सीटची उंची तपासा. मग घरातल्या औषधांचा डबा उघडून कोणाची कोणती गोळी संपली आहे ते पाहा. दोन्ही मिळून अर्धा तास लागेल.